तोंडी परवानगीचे चेअरमन

२४ मार्च. गिरणीचा पट्टा उतरवला, हात धुतले आणि हनुमान जयंतीच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूचा अर्ज लिहायला बसले. आतषबाजीला आमच्याकडे शोभेची दारूच म्हणतात. अर्ज एका पानाचा असतो. दारू उडवणाऱ्याचं नाव, जागा, वेळ, पाण्याची सोय, जबाबदार माणूस. खाली सरपंच म्हणून माझी सही. एक प्रत तहसीलला, एक पोलीस ठाण्याला. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि गेली काही वर्षं मी ते अर्ध्या तासातच उरकते.

यंदा मात्र पेन हातात धरून बसून राहिले. कारण दुपारी चेअरमनांचा मुलगा गजानन यात्रा कमिटीतल्या पोरांना घेऊन गिरणीवर आला होता.

"काकू, अर्जात वरच लिहा, कैलासवासी बाबाराव चेअरमन यांच्या स्मरणार्थ," तो म्हणाला. "दादा गेल्यावरची पहिलीच यात्रा हाय."

"अर्जात स्मरणार्थ लिहीत नसतात. ते बॅनरवर लिही."

"बरं, बॅनरवर. पण जागा पहिलीच ठेवा. मारुतीच्या मागची. दादा तिथंच उडवायचे. तळ्यात नेऊन उडवली तर लोकाला काय दिसन?"

"मारुतीच्या मागं गंज्या आहेत."

"गंज्या काय, दरसाल असतात. हयातभर परमिशन दादानंच आणली. तवा कोणी इचारलं का, गंज्या हायेत म्हणून?"

सुमन त्या वेळी ज्वारीचा डबा घेऊन आत उभी होती. मारुतीच्या मागं कडब्याच्या ज्या गंज्या आहेत, त्यातली कडेची तिची. तिनं गजाननकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, एवढं मला कळतं. पण गेलेला माणूस पुन्हा गंज्यांजवळ येऊन उभा राहणार असेल, तर लिहिलेलं बरं. चेअरमनांनी हयातभर परवानगी कशी आणली, हे मी जवळून बघितलं आहे. त्यांनी ती कधीच आणली नाही.

मुळात ते चेअरमनही नव्हते. गावच्या सोसायटीत कधीतरी थोडे महिने व्हाईस चेअरमन होते. सोसायटीतून ते गेले, आणि जाताना 'व्हाईस' तिथंच ठेवून 'चेअरमन' तेवढं घरी घेऊन आले. लग्नाच्या पत्रिकांवर, गणपतीच्या फलकावर, नातवाच्या बारशाला, सगळीकडं चेअरमन. माझं लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस अजून कशाचा तरी चेअरमन असेल. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कशाचा न्हाई, नुसताच हाय."

कपडे कायम पांढरे, कडक इस्त्रीचे. कॉलरमध्ये घडी घातलेला रुमाल. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्या पेनांनी त्यांना काही लिहिताना मी तरी पाहिलं नाही. एकदा पोस्टमननं रजिस्टरच्या पोचेवर कुणाची तरी सही घ्यायला त्यांच्याकडं पेन मागितलं, तर म्हणाले, "शाई संपली." पोस्टमन म्हणाला, "मंग लाल द्या." तर तीही संपलेली. गिरणीवर आले की उंबऱ्याच्या बाहेर उभे राहायचे. पिठानं कपडे खराब होतील म्हणून. पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार होतं, ते त्यांनाच ठाऊक.

उंबऱ्याबाहेर उभं राहून ते माझ्या नवऱ्याशी बोलायचे. दिलीप घरी असला तर ठीक. तो टेम्पो घेऊन बाहेरगावी गेलेला असला तरी ते त्याच्याशीच बोलायचे. "दिलीपला म्हणावं, तुमच्या वाढीव मीटरचं साहेबाशी बोलणं झालंय." मी समोर उभी. मीटर माझ्या गिरणीचं. अर्ज माझ्या नावाचा. निरोप दिलीपला.

त्यांचे शब्द दोनच. पहिला 'तोंडी'. दुसरा 'झालं समजा'. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या पोराचा दाखला राहिला, कुणाला विहिरीवर वीज पाहिजे, की चेअरमन म्हणायचे, "तोंडी झालंय. झालं समजा." आणि माणूस खरंच समजायचा. घरी जाऊन बायकोला सांगायचा, झालं म्हणून. महिनाभरानं कळायचं की काहीच झालेलं नाही. तोवर चेअरमन दुसऱ्या कुणाचं तरी तोंडी करून मोकळे झालेले असायचे. त्यांच्या पाठीमागं पोरं त्यांना 'समजा' म्हणायची. "समजा आले का रे?" "समजा तालुक्याला गेल्ते." त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. पण पाठीमागं बोललेलं ते बोललेलं धरत नसत. तोंडी म्हणून फक्त त्यांचंच धरायचं.

तालुक्याला ते आठवड्यातून दोनदा तरी जायचे. जाताना सांगून जायचे, "साहेबांकडं चाललो." आल्यावर सांगायचे, "साहेबांसोबत चहा झाला." मी एकदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेले होते. कचेरीच्या आवारात लिंबाखाली एक बाकडं आहे, सिमेंटचं. त्यावर चेअरमन बसले होते. मी आत गेले, रांगेत उभी राहिले, कागद दिले, बाहेर आले, जेवणाची सुट्टी झाली, पुन्हा आत गेले, दाखला घेऊन बाहेर आले. चेअरमन तिथंच. मधे चहावाला किटली घेऊन आला. आधी आत गेला, साहेबांना दिला. मग बाहेर आला, चेअरमनांना दिला. एकाच किटलीतला चहा होता, एवढं मात्र खरं.

संध्याकाळी गावात आल्यावर मारुतीच्या पारावर बसून ते सांगत होते, "आज साहेबांनी सोडलंच न्हाई. दिवसभर बसवून घेतलं."

आता यात्रेचं सांगते. आमची यात्रा राजूरसारखी मोठी नाही. पण हसनाबादेपासून लोक येतात, ऊस तोडायला अंकुशनगरकडं गेलेली आमची माणसं तोवर परतलेली असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. दिवस मावळल्यावर शोभेची दारू उडते, आणि ती बघितल्याशिवाय कुणी घरी जात नाही. उडवायला नजीरभाई येतात. लायसनवाला माणूस आहे. बाप, आजा, सगळे याच धंद्यातले.

मी सरपंच होण्याच्या आधीच्या वर्षी नजीरभाई आले, टेम्पोतनं सामान उतरवण्याआधी चेअरमनांना म्हणाले, "चेअरमनसाब, परमिशन का कागज?"

"तोंडी झालंय."

"मेरेकू कागज होना साब. बात नको."

"आरे, आपलाच माणूस हाय तिथं. मी सोता बोलून आल्तो. झालं समजा."

चारचौघांत चेअरमन बोलले, कमिटीनं मान डोलावली, लेझीम सुरू झालं. नजीरभाईंनी सामान उतरवलं. मारुतीच्या मागच्या मोकळ्या जागेत बांबू रोवले. त्या जागेला लागून खळवाड, आणि खळवाडीत अख्ख्या गावाच्या गंज्या. वारं सुटलेलं. एक बाण तिरका गेला तो सरळ सुमनच्या गंजीत.

वाळलेला कडबा कसा पेटतो हे ज्यानं पाहिलं नाही, त्याला सांगून कळायचं नाही. पाणी ओतायला माणसं धावली, पण पाणी होतं हापशावर, आणि हापसा गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाकीच्या गंज्या वाचवल्या. सुमनची उभी जळाली.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. विचारलं, "परवानगी कुणी घेतली होती?" कमिटीनं चेअरमनांकडं बघितलं. चेअरमनांनी कमिटीकडं बघितलं. मग म्हणाले, "मी तर त्या टायमाला जेवायला गेल्तो."

परवानगी नव्हती, म्हणून भरपाई नाही. नजीरभाईंना मात्र ठाण्यावर बसवून ठेवलं, लायसन अडकलं, आणि त्या सालच्या लग्नसराईत त्यांना एकही काम घेता आलं नाही. ज्या एकट्या माणसानं कागद मागितला होता, त्याचंच नुकसान झालं. चेअरमन पुढं बरेच दिवस सांगत होते की नजीरला मीच सोडवून आणलं. तोंडी.

सुमनकडं दोन म्हशी होत्या. चैत्र, वैशाख, जेठ, पाऊस पडून हिरवं उगवेपर्यंत त्या गंजीवरच जगायच्या. नवरा ऊसतोडीला, घरचं दूध विकून पोरींच्या शाळा. तिनं महिनाभर कडबा उसना मागून भागवलं. चेअरमनांनी तिला सांगितलं होतं, "तुझ्या मदतीचं साहेबाशी बोलून राह्यलो. झालं समज." ती रोज विचारायची, ते रोज झालं समज म्हणायचे. एके दिवशी पारावर सगळ्यांसमोर ती म्हणाली, "चेअरमन, तुमचं तोंडी म्हशीला टाकू का? खाईन का ती?"

पार हसला. चेअरमनही हसले, जणू दुसऱ्याच कुणाला म्हटलं होतं. आठवड्यानं सुमननं एक म्हैस विकली.

त्यानंतर पंचायतीची निवडणूक आली आणि सरपंचपद महिलेसाठी सुटलं. माझं नाव चेअरमनांनीच पुढं केलं. हे मी लपवत नाही, उलट आवर्जून सांगते. त्यांनी पारावर माझी शिफारस केली ती अशी, "दिलीपची मंडळी बारावी झालेली हाय. सही झकास करते."

त्यांना सरपंच नको होता. सही पाहिजे होती. स्वतःची सही त्यांनी जन्मात कशाखाली केली नाही. सोसायटीच्या त्या थोड्या महिन्यांत एकदा कुठल्याशा कागदावर केली होती, त्याची चौकशी लागली होती म्हणे, आणि तेव्हापासून दोन्ही पेनांची शाई संपली.

पहिल्याच यात्रेला ते गिरणीवर आले. उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "दिलीपला म्हणावं, दारूचं झालंय तोंडी. सरपंचबाईनं कमिटीच्या कागदावर सही तेवढी करायची."

"दिलीप परतूरला गेलाय. मी सांगते," मी म्हटलं. "तहसीलची लेखी परवानगी आल्याशिवाय सही नाही."

"वहिनी, आजवर कधी लेखी झालं न्हाई."

"म्हणूनच."

त्यांना राग येत नसे. राग यायला माणूस समोर आहे असं वाटावं लागतं. रस्त्याकडं बघतच ते म्हणाले, "बराबर हाय. लेखी पायजे तर लेखी. मी सोता लिहून देतो. सरकारी मराठी सगळ्यालाच जमत न्हाई."

आणि खरंच त्यांनी अर्ज दिला. लिहिला गजाननच्या हातून, सांगितला यांनी. मला न दाखवता नेऊन दिला. आठ-दहा दिवसांनी पारापुढं एक सरकारी जीप येऊन थांबली. आम्हाला वाटलं, जागा बघायला आले. उतरले ते दारूबंदीवाले.

त्यांच्या साहेबानं अर्ज काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. विषय, यात्रेनिमित्त सार्वजनिक ठिकाणी दारू उडविण्यास परवानगी मिळणेबाबत. पुढं लिहिलं होतं, की आमच्या गावात ही दारूची परंपरा फार जुनी असून, गावातील आबालवृद्ध, महिला व बालके दरवर्षी या दारूचा मनमुराद लाभ घेतात. यंदाही भरपूर दारू आणण्यात येणार असून, बाहेरगावच्या भाविकांचीही सोय होईल.

सगळा अर्ज वाचून झाला तरी 'शोभेची' हा शब्द आला नाही. नंतर गजाननकडून कळलं, त्यानं आधी लिहिला होता. चेअरमनांनीच खोडायला लावला. "सरकारी कागदात शोभा कशाला? कागद वजनदार पायजे."

तहसीलमधल्या कुणीतरी तो अर्ज जसा होता तसा दारूबंदीकडं पाठवून दिला होता. मी त्याला दोष देत नाही. मीही तेच केलं असतं.

"हे खाली कुणाच्या सहीनं दिलंय?" साहेबानं विचारलं. "इथं नुसतं 'समस्त गावकरी' आहे. समस्त गावकरी कोण?"

चेअरमन लोकांमध्ये उभे होते, हात मागं बांधून. ते इतरांसारखंच आश्चर्यानं म्हणाले, "कोणी लिव्हलं असन हे?"

सुमन हापशावरून घागर घेऊन चालली होती. ती थांबली, घागर खाली ठेवली. "साहेब, समस्त गावकरी तेच हायेत," तिनं बोट केलं, "ते पांढऱ्या कपड्यातले."

साहेब हसला आणि मग आम्हाला कुणालाच आवरेना. जीप गेली. चेअरमन घरी गेले. दोन दिवस ते पारावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "पाह्यलं ना? साहेब लोक सोता गावात येऊन गेले. लेखी दिलं की असं होतं."

मग अर्ज मी लिहिला. त्यात मोठं काही नव्हतं. जे आहे ते लिहायचं, एवढंच. ठाण्यावर गेले, तहसीलला गेले, नजीरभाईंच्या लायसनची झेरॉक्स लावली. तहसीलवाल्यांनी जागा विचारली, मी मारुतीच्या मागची सांगितली नाही. गावाबाहेर पाझर तलाव आहे, चैत्रात तळ दिसतो, चहूबाजूंनी माती. तो लिहिला. परवानगी आली, खाली अटी. गंज्या आणि घरांपासून लांब. पाण्याचा टँकर हजर. आणि जबाबदार व्यक्तीनं जागेवर उपस्थित राहून पोलिसांसमोर सही करायची.

यात्रेच्या संध्याकाळी तलावाच्या बांधावर माणूस मावेना. माइक चेअरमनांच्या हातात. तो त्यांच्या हातात कसा गेला, हे विचारू नका, माइक त्यांच्याकडं आपोआप जायचा. "गावकऱ्यांनो, यंदा परमिशन आणायला लई खटाटोप करावा लागला. पण आपण सोता साहेबांशी बोलून, सगळं कायद्यात बसवून..." मी टँकरजवळ उभी होते. टँकरवाला म्हणाला, "काकू, परमिशन तर तुम्ही आणली ना?" मी त्याला म्हटलं, तू पाइप जोड.

तेवढ्यात बंदोबस्ताचे जमादार कागद घेऊन बांधावर आले. "जबाबदार व्यक्ती कोण? सही करा, मग सुरू करा."

आख्ख्या बांधानं चेअरमनांकडं बघितलं. आताच तर ते सांगत होते. नजीरभाई हातात पेटती उदबत्ती घेऊन थांबलेले. चेअरमनांचा हात खिशाकडं गेला. निळ्या पेनाला लागला, लाल पेनाला लागला, आणि तिथंच राहिला. मी त्या हाताकडं बघत होते. त्या हाताला सवयच नव्हती.

"सही कायद्यानं सरपंचाची लागते," ते माइकवरच म्हणाले. "मी आलोच."

माइक त्यांनी कुणाच्या तरी हातात दिला, बांधावरून उतरले, रेवड्यांच्या गाड्याआडून निघाले आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून गावाकडं गेले. पांढरे कपडे बराच वेळ दिसत होते. सही मी केली. जमादारांचंच पेन घेऊन.

दारू तळ्यात उडाली. छान उडाली. एक फटाका चिखलात फुटला, त्यापलीकडं काही झालं नाही. सुमन पोरींना घेऊन आली होती, पण तिचं तोंड आकाशाकडं नव्हतं. ती सारखी मागं वळून गावाच्या दिशेनं बघत होती, खळवाडीकडं. शेवटचा बाण विझल्यावरच तिनं वर बघितलं, आणि तेव्हा वर नुसता धूर होता.

दुसऱ्या दिवशी पारावर चेअरमन सांगत होते, "वाऱ्याचा अंदाज घेऊन जागा मीच बदलली. मारुतीमागं उडवली असती तर बिलकुल खैर नव्हती."

त्यानंतर दर वर्षी असंच. परवानगी मी आणायची, ती त्यांनी सांगायची. मला त्याचं काही वाटलं नाही. दारू तळ्यात उडत होती. सुमननं मागच्या साली दुसरी म्हैस घेतली. लोकांना परवानगी कुणी आणली वाटतं, यापेक्षा मला ते महत्त्वाचं होतं. एवढाच माझा हिशेब चुकला. ज्याचं श्रेय त्यांना घेऊ दिलं, त्यावरच आता त्यांचा मुलगा हक्क सांगतो आहे.

शेवटचं त्यांना मी त्या बाकड्यावरच पाहिलं. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी, लिंबाच्या निंबोळ्या पडत होत्या तेव्हा. मी घरकुलांच्या कामाला तहसीलला गेले होते. चेअरमन वाळले होते, कॉलर मानेभोवती सैल झालेली. इस्त्री मात्र कडक. शेजारी पाण्याची बाटली.

"काय काम काढलं?" मी विचारलं.

"आपलंच हाय, वहिनी." या वेळी मधे दिलीप नव्हता, ते सरळ माझ्याशी बोलले. "सातबाऱ्यावर नाव चुकलंय. बाबारावचं 'बारव' करून ठेवलंय कंप्युटरवाल्यानं. माणसाची विहीर करून टाकली."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. हे त्यांचं मला ठाऊक असलेलं एकमेव चांगलं वाक्य, आणि ते खरं होतं म्हणून चांगलं होतं.

तेवढ्यात आतून एक कारकून बाहेर आला. तरुण पोरगा, कानाला मोबाइल. चेअरमन अर्धवट उठले. पोरगा चालता चालताच म्हणाला, "काका, तलाठ्याला तोंडी सांगितलंय. झालं समजा."

चेअरमनांनी माझ्याकडं बघितलं. मी ऐकलं की नाही, हे बघितलं.

"अर्ज दिलाय ना तुम्ही?" मी विचारलं.

"अर्ज कशाला? आपलाच माणूस हाय." ते परत बसले. हात गुडघ्यांवर. समाधानानं. त्यांना तो शब्द ऐकून काही बोचलं असेल, असं मला क्षणभर वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना तोंडी दिलं, त्याला वाटत होतं की ते खरंच काहीतरी असतं. इतके दिवस मी त्यांना लबाड समजत होते. लबाड असते तर एक अर्ज तरी दिला असता.

मी म्हटलं, "मी लिहून देते अर्ज. सही करा."

"राहू द्या. झालं समजा."

मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ते तिथंच होते, चहाच्या किटलीची वाट बघत. पोळ्याच्या आधी ते गेले. सातबाऱ्यावर अजून बारवच आहे. गजानन त्यासाठी तालुक्याला चकरा मारतो. परवा मी त्याला विचारलं, अर्ज दिलास का. म्हणाला, "बोलणं झालंय, काकू."

हे सगळं लिहून झाल्यावर दुपारचं उरलेलं लिहिते. गजानन आणि पोरं गेल्यावर सुमननं डबा चक्कीपाशी ठेवला.

"कुठं उडवून राह्यलेत यंदा?" तिनं विचारलं.

"तळ्यात."

"हे तर मारुतीमागं म्हणून गेले. तुमच्या तोंडावर."

"म्हणू दे."

"लिहिलंय का तुम्ही, तळ्यात म्हणून?"

"आज लिहिते."

"मंग दळण आज राहू द्या," ती म्हणाली. "आधी ते लिहा." आणि खरंच ज्वारीचा डबा तसाच ठेवून गेली.

लिहिला. जागेपुढं पाझर तलाव. जबाबदार व्यक्तीपुढं माझं नाव. विषयात 'शोभेची' शब्द ठसठशीत. स्मरणार्थ कुणाचंही नाही.

२५ मार्च. सकाळी आधी सुमनचं दळण काढलं, तिच्या घरी डबा पोचवला आणि पहिल्या एसटीनं तालुक्याला गेले. आधी ठाण्यावर प्रत दिली, तिथून तहसीलला. आवक-जावकच्या खिडकीत तोच कानाला मोबाइलवाला पोरगा होता. त्यानं अर्ज घेतला, वरवर बघितला आणि टेबलावरच्या ढिगात ठेवला.

"पोच द्या," मी म्हटलं.

"शिक्का साहेबांच्या टेबलावर आहे, ताई. साहेब मीटिंगला गेलेत. तुम्ही जा, झालं समजा."

"मी समजत नसते," मी म्हटलं. "साहेब येऊ द्या."

बाहेर आले. लिंबाखालचं ते बाकडं रिकामं होतं. पदरानं धूळ झटकली आणि बसले. चहावाला किटली घेऊन आला, त्याला नको म्हटलं. ऊन बाकड्यावर आलं तेव्हा पोरगा खिडकीतून डोकावला, मी अजून आहे का ते बघायला. मी होते. मग त्यानं मला हाक मारली, आणि मी शिक्का, तारीख, सही सगळं नीट वाचून पोच पर्समध्ये ठेवली.